पाच दिवसांत केदारताल होईल का?

या महिन्यात आलेल्या प्रश्नांतले बरेचसे केदारतालचे आहेत. गंगोत्रीपासून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर, वर हिमनदीचं निळंशार तळं, समोर थलय सागर शिखर, आणि तीन-चार दिवसांत जाऊन येता येतं असं सगळीकडे ऐकलेलं, त्यामुळे ओढा असणारच. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिलीये. सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि लांब पत्रं थोडी छोटी केलीत.

प्रश्न : ताई, आम्ही चौघं ऑफिसातले मित्र. सह्याद्रीत नेहमी भटकतो, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, दिवसाला वीस-बावीस किलोमीटर चालायची सवय आहे. सप्टेंबरअखेर केदारताल करायचंय. पहिल्या दिवशी डेहराडूनहून गाडीने थेट गंगोत्री, दुसऱ्या दिवशी भोजखरक, तिसऱ्या दिवशी केदारखरक, चौथ्या दिवशी ताल बघून परत भोजखरक, पाचव्या दिवशी गंगोत्री, असा प्लॅन आहे. सुट्टी तेवढीच मिळतेय. होईल ना?

उत्तर : तुमच्या पायांबद्दल मला काडीची शंका नाही. नळीची वाट चढणाऱ्याला ही चढण नक्की जमेल, पण या प्लॅनला मी हो म्हणणार नाही, आणि का ते नीट सांगते कारण हाच प्लॅन थोड्याफार फरकाने अजून बऱ्याच जणांनी पाठवलाय.

उंचीचे आकडे एकाखाली एक लिहून बघा. डेहराडून साधारण ६५० मीटर, गंगोत्री ३,०५० च्या आसपास, भोजखरक ३,७८०, केदारखरक ४,२७० आणि ताल ४,७५०. म्हणजे रविवारी सकाळी डेहराडूनला गाडीत बसलेला माणूस मंगळवारी रात्री ४,२७० वर झोपणार, तीन रात्रींत साडेतीन हजार मीटरहून जास्त. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर, तेव्हा गंगोत्रीला गाडीतून पाय खाली ठेवता तेव्हाच तुम्ही कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असता, आणि ट्रेक अजून सुरूही झालेला नसतो.

वर गेल्यावर हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण बदलत नाही, ते २१ टक्केच राहतं, पण हवेचा दाब उतरतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासात आत जाणारा ऑक्सिजन कमी होतो. तालापाशी दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५५ टक्क्यांच्या आसपास असतो. शरीर याच्याशी जुळवून घेतं, श्वास खोल आणि जलद होतो, लघवी वाढते, रक्तातला आम्लाचा तोल सावरला जातो, पण या सगळ्याला दिवस लागतात, आणि तुम्ही रोज दहा किलोमीटर पळता की जिना चढताना दमता याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. उलट फिट माणूस भराभर वर पोचतो म्हणून जास्त अडकतो, हे मी ग्रुपमध्ये परत परत बघितलंय.

डॉक्टर लोकांचा साधा नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम त्याच उंचीवर वाढवायचा. दिवसा वर चढून रात्री खाली झोपलात तर ते चालतं, नव्हे चांगलंच. आता तुमचा प्लॅन यावर घासून बघा, गंगोत्री ते भोजखरक ही पहिलीच उडी ७०० मीटरहून जास्त आहे आणि मध्ये तंबू लावायला धड जागा नाही, त्यामुळे ही उडी टाळता येत नाही, तिच्या आधी आणि नंतर वेळ द्यावा लागतो.

मी असा प्लॅन करीन : डेहराडूनहून पहिला मुक्काम उत्तरकाशी. दुसऱ्या दिवशी हर्षिलला थांबत थांबत गंगोत्री. तिसरा दिवस गंगोत्रीतच, सकाळी केदारतालच्याच वाटेवर दोन-तीनशे मीटर चढून जायचं, वर थोडं बसायचं आणि दुपारी खाली यायचं (परवान्याच्या तारखांत हा दिवसही धरा). चौथ्या दिवशी भोजखरक. पाचवा दिवस भोजखरकलाच, पुन्हा थोडं वर जाऊन खाली. सहाव्या दिवशी केदारखरक, सातव्या दिवशी पहाटे निघून ताल आणि त्याच दिवशी शक्य तेवढं खाली, आठव्या दिवशी गंगोत्री, नवव्या दिवशी परतीचा प्रवास. आणि एक दिवस हवेसाठी किंवा दरड कोसळून रस्ता बंद झाला तर त्यासाठी राखीव. झाले दहा. तुमच्या दुप्पट झाले हे मला माहितीये. पण केदारताल छोटा ट्रेक आहे तो किलोमीटरने, दिवसांनी त्याला छोटा करायला गेलात की तो धोकादायक होतो.

सुट्टी खरंच वाढणार नसेल तर तळं बदला. मनालीजवळचं ब्यास कुंड साधारण ३,७०० मीटरवर आहे, सोलांग, धुंदी, बकरथाच अशी वाट, आजूबाजूला हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांचे ढीग आणि वर हनुमान टिब्बा शिखर. मनालीत एक-दोन रात्री काढून मग बकरथाचला मुक्काम केला तर तुमच्या सुट्टीत ते आरामात बसतं. भृगू लेकही पुष्कळ जण सुचवतात पण ते ४,२०० मीटरच्या वर आहे आणि मनालीहून दोन-तीन दिवसांत तिथे जाऊन येतात, म्हणजे पुन्हा तीच गडबड.

प्रश्न : डायमॉक्स घेतली तर मधले आरामाचे दिवस वगळता येतील का? आणि ऑक्सिजनचे छोटे कॅन सोबत ठेवले तर?

उत्तर : नाही, दोन्हीला नाही. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड, ती जुळवून घेण्याची प्रक्रिया जरा लवकर सुरू करून देते, प्रक्रिया वगळत नाही. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून, पण तुमच्यासाठी ते डॉक्टरांनीच ठरवायचंय, विशेषतः सल्फा औषधांची ॲलर्जी असेल किंवा किडनीचा काही त्रास असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. बोटांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोडा पेय बेचव लागतं, हे होणारच, घाबरायचं कारण नाही. एखादी गोळी घरी असतानाच घेऊन बघा म्हणजे वर तंबूत कळायला नको की आपल्याला ती सोसत नाही.

कॅनमधला ऑक्सिजन काही मिनिटांत संपतो. आजारी माणसाला त्याने थोडं बरं वाटतं आणि तेवढ्यात सगळे म्हणतात चला, झालं ठीक, आणि खाली उतरायचा निर्णय लांबतो, मला त्याची भीती वाटते ती यासाठी. उंचीच्या आजारावर खाली उतरणं हा उपाय आहे, बाकी सगळं उतरेपर्यंतचा आधार.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरबद्दलही दोघांनी विचारलंय. ठेवा, पण गार बोटांवर तो काहीही दाखवतो, आधी हात चोळून गरम करा, आणि आकडा चांगला आलाय म्हणून डोकं दुखतंय ते दुर्लक्षित करू नका. आकड्यापेक्षा माणूस कसा दिसतोय ते बघायचं.

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कॉलेजच्या मित्रांबरोबर चाललाय. त्याचा स्वभाव असा की काही होत असलं तरी सांगणार नाही, ग्रुपमध्ये कमीपणा नको म्हणून. मी त्याला अडवणार नाहीये. पण जाताना नेमकं काय सांगू?

उत्तर : तुमचं पत्र मी दोन-तीनदा वाचलं. अडवत नाही आहात हे फार चांगलं करताय. त्याला एकट्याला सांगू नका, त्याच्यासोबत जो तंबूत झोपणार आहे त्यालाही घरी बोलवा आणि दोघांना समोर बसवून सांगा, कारण उंचीवर ज्याला त्रास होतो त्याला स्वतःला तो बऱ्याचदा कळतच नाही.

डोकं दुखतंय आणि त्याच्या जोडीला मळमळ, खूप थकवा किंवा गरगरणं यातलं काहीही असेल तर तो उंचीचा आजार धरायचा, ॲसिडिटी झाली असेल, ऊन लागलं असेल, झोप नीट झाली नसेल असली कारणं शोधायची नाहीत. त्या दिवशी वर जायचं नाही. पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, तिथेच थांबा. दुसऱ्या दिवसापर्यंत गेलं तर पुढे, वाढलं तर खाली. मुलं यात एकच गोष्ट चुकवतात, थांबायला तयार असतात पण खाली जायला तयार नसतात.

दोन खुणा अशा आहेत की तिथे रात्र आहे, थंडी आहे, सकाळी बघू, असं काही म्हणायचं नाही, गाईडबरोबर लगेच उतरायला लागायचं. एक म्हणजे तोल जाणं किंवा बोलण्या-वागण्यात गोंधळ, यात मेंदूला सूज येत असते. जमिनीवर सरळ रेघ ओढून एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत चालायला सांगा, जो डगमगतो त्याला खाली न्या. दुसरी खूण म्हणजे नुसतं बसलेलं असताना धाप लागणं आणि खोकला, यात फुफ्फुसात पाणी भरायला लागतं, हे बहुतेक वेळा वर पोचल्यावर दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत होतं आणि आडवं झाल्यावर वाढतं.

केदारखरकच्या मुक्कामात आमच्यातला एक मुलगा, चांगला तगडा, सगळ्यांच्या पुढे चालणारा, संध्याकाळी गप्प गप्प बसला होता. काय रे, ठीक ना, असं दोघातिघांनी विचारलं, प्रत्येकाला तो हो म्हणाला. मग माझं लक्ष गेलं तर तो डाव्या हाताचा ग्लोव्ह उजव्या हातात घालायचा प्रयत्न करत होता, अंगठा जात नव्हता, काढायचा आणि पुन्हा तोच ग्लोव्ह त्याच हातात घालायचा, आणि त्याला त्यात काही चुकतंय असं वाटतच नव्हतं. रेघेवर चालवलं तर तिसऱ्या पावलाला कलंडला. गाईडने दोरी, दोन हेडटॉर्च आणि एका पोर्टरला बरोबर घेतलं आणि अंधारातच त्याला भोजखरकला उतरवलं. सकाळी तो आपल्या पायांनी गंगोत्रीला गेला आणि रात्रीचं त्याला निम्मंही आठवत नव्हतं. म्हणून म्हणते, "ठीक आहेस का" हा प्रश्न वर उपयोगाचा नाही. बुटाची नाडी बांधायला लावा, घरचा फोन नंबर उलटा म्हणायला लावा, काहीतरी करायला लावा आणि बघा.

आणि मुलाला एवढं नक्की सांगा की तू मधूनच परत आलास तर या घरात तुला कोणी का आलास म्हणून विचारणार नाही. त्याच्या वयात हे ऐकलेलं असलं की वर निर्णय घेणं खूप सोपं जातं.

प्रश्न : जून चांगला की सप्टेंबर? पावसाळ्यात गर्दी नसते म्हणे, ऑगस्टमध्ये गेलो तर?

उत्तर : ऑगस्टमध्ये नको. गंगोत्रीचा रस्ता भागीरथीच्या कडेने जातो, पावसात तो कुठे बंद पडेल सांगता येत नाही. ५ ऑगस्ट २०२५ ला याच रस्त्यावर हर्षिलजवळच्या धरालीत खीरगंगा नाल्याला लोंढा येऊन गावाचा मोठा भाग गाडला गेला, ते सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय ट्रेकच्या वाटेवर भोजखरकच्या पुढे दरडीचा पट्टा आहे, वरून दगड येतात, कोरड्या हवेतही तो सकाळी लवकर, ऊन वर लागायच्या आत, अंतर ठेवून एकेकाने आणि न थांबता पार करायचा असतो. पावसात तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

मे-जूनमध्ये वर बर्फ भरपूर असतं, ताल अर्धवट गोठलेलं असू शकतं, दिसायला सुंदर पण चालायला कष्टाचं. आणि जून म्हणजे हवा चांगलीच असणार असं धरू नका. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीच्याच बाजूच्या सहस्त्रतालच्या ट्रेकवर कर्नाटकचा मोठा ग्रुप वादळात सापडला आणि त्यातले ९ जण गेले. जूनमध्ये, नेहमीच्या सीझनमध्ये. थंडी, वारा आणि ओले कपडे एकत्र आले की शरीराची ऊब काही तासांत जाते.

माझी पसंती सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. पाऊस ओसरलेला, हवा स्वच्छ, शिखरं लख्ख, भरल नावाच्या निळ्या मेंढ्यांचे कळप वाटेत दिसण्याची शक्यता चांगली, भोजपत्राच्या झाडांची पानं पिवळी पडलेली. रात्री केदारखरकला शून्याच्या खाली जातंच, त्या तयारीने जा. दिवाळीत मंदिराचे दरवाजे बंद झाले की गंगोत्रीतल्या राहायच्या सोयीही आवरतात, म्हणून फार उशीर नको.

प्रश्न : वय ५४, बीपीची गोळी रोज चालू आहे, बाकी तब्येत उत्तम. मी हे स्वप्न बघू की सोडून देऊ?

उत्तर : बघा की. बीपी ताब्यात असेल तर नुसतं वय किंवा गोळी आड येत नाही, पण आधी तुमच्या डॉक्टरांना नेमकी उंची आणि किती रात्री ते लिहून दाखवा, कारण उंचीवर बीपी थोडं वाढतं आणि काही बीपीच्या गोळ्यांनी लघवी वाढते, तिच्या जोडीला डायमॉक्स द्यायची का हे त्यांना बघावं लागेल. गोळी ट्रेकमध्ये स्वतःहून बंद करू नका. पहिल्यांदाच जाताय तर या वर्षी ब्यास कुंड करा, तिथे शरीर कसं वागतं ते कळेल आणि पुढच्या वर्षी केदारताल.

प्रश्न : परवाना, गाईड, सामान, थोडक्यात सांगा.

उत्तर : केदारतालची वाट गंगोत्री नॅशनल पार्कमध्ये येते, वनविभागाचा परवाना लागतो, तो उत्तरकाशीतून काढा. ओळखपत्राच्या प्रती आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट फाईलमध्ये ठेवा. गाईड तिथलाच घ्या आणि बुकिंग करतानाच एक प्रश्न विचारा : आमच्यातला एक आजारी पडला तर त्याला खाली कोण घेऊन जाणार आणि बाकीच्यांबरोबर कोण राहणार? याचं सरळ उत्तर देता आलं नाही तर दुसरा बघा. भोजखरकच्या आधी स्पायडर वॉल म्हणतात तो खडकाचा अरुंद टप्पा येतो, पाठीवर मोठी सॅक असेल तर तोल जातो, तिथे सवय असलेला माणूस शेजारी लागतोच.

सामानात बाकी सगळं तुम्हाला माहिती असतं, मी फक्त सुटणारं सांगते. कॉटनचे टीशर्ट घरी ठेवा, घाम सुकत नाही आणि थांबलात की अंग गार पडतं. कोरड्या कपड्यांचा आणि मोज्यांचा एक जोड प्लॅस्टिकमध्ये बांधून फक्त झोपायला ठेवा, भिजलात तरी तो काढायचा नाही. दरडीच्या पट्ट्यासाठी हेल्मेट न्या, विचित्र वाटलं तरी न्या. गॉगल हवाच, बर्फावरच्या उन्हाने डोळे सुजतात. आणि झाडाची एक काडीही जाळू नका, भोजपत्राची झाडं त्या थंडीत अतिशय हळू वाढतात.

पाण्याबद्दल विचारलंय, केदारखरकला पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून जंतू मरणार नाहीत का? मरतात. खळखळून उकळी आली की पिण्यासाठी पुरेसं आहे. स्वयंपाक मात्र वेळ खातो, गॅस जास्त घ्या.

प्रश्न : तालाच्या काठावर तंबू लावून राहायची फार इच्छा आहे. आणि पाण्यात उतरलं तर चालतं का?

उत्तर : इच्छा मी समजू शकते. समोर थलय सागर ६,९०४ मीटर, १९७९ मध्ये पहिल्यांदा त्यावर माणूस पोचला, शेजारी भृगुपंथ ६,७७२ मीटर, त्यावर १९८० मध्ये भारतीय आणि अमेरिकन बायकांची मोहीम पहिल्यांदा चढली, आणि हे दोन्ही एकाच नजरेत. पण राहू नका. केदारखरकला झोपलेलं शरीर ४,७५० वर आणखी एक रात्र काढायच्या तयारीचं नसतं, आणि त्रास सुरू झालाच तर अंधारात तो मोरेनचा, सुट्या दगडांचा उतार उतरायला लागेल.

पाण्यातही नको. बर्फाचं पाणी आहे, अंग बुडवताच श्वास अडकतो, वर हवा आधीच विरळ. याच तळ्यातून केदारगंगा निघते आणि गंगोत्रीत भागीरथीला मिळते, साबण, शॅम्पू, काहीही तिथे नेऊ नका.

पहाटे पाचच्या आसपास केदारखरक सोडा. परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा, मी अकरा म्हणते, तोवर ताल दिसो न दिसो मागे वळायचं. दुपारी ढग येतात, आणि बर्फ वितळून नाल्यांचं पाणी चढतं, सकाळी दगडांवरून सहज ओलांडलेला नाला तीन वाजता गुडघ्याच्या वर असू शकतो.

प्रश्न : रेंज नसते म्हणून मित्राने परदेशातून सॅटेलाईट मेसेंजर आणलाय. घेऊन जाऊ का?

उत्तर : नको. आपल्याकडे सॅटेलाईट फोन आणि असली यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय वापरणं बेकायदा आहे, यावरून विमानतळावर लोकांना ताब्यातही घेतलंय. आधीच परवानगी मिळालेलं यंत्र एजन्सीकडे आहे का ते विचारा. नसेल तर गंगोत्री सोडताना घरच्यांना कागदावर हे लिहून पाठवा : कुठल्या तारखेला कुठे मुक्काम, गाईडचं नाव आणि नंबर, ग्रुपमध्ये कोण कोण, आणि कुठल्या तारखेच्या संध्याकाळपर्यंत फोन आला नाही तर उत्तरकाशीच्या जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाला कळवायचं. त्या तारखेत तुमचा राखीव दिवस धरलेला असू द्या, नाहीतर तुम्ही पावसात भोजखरकला सुखरूप बसलेले असाल आणि घरचे इकडे फोनाफोनी करत बसतील.